मदत हवी आहे: हप्ते केव्हाच फिटले, सरकारी योजनेतल्या घराचं खरेदीखत मात्र होत नाही (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

वडिलांनी अमळनेरला सरकारी गृहनिर्माण योजनेतलं बैठं घर भाडेखरेदीवर घेतलं. हप्ते फिटून जमाना झाला. ना-देय दाखला आहे, घरपट्टी आणि वीजमीटर वडिलांच्याच नावावर आहेत. फक्त खरेदीखत नाही, आणि ते आमच्या अख्ख्या कॉलनीत कोणाचंच नाही.

योजनेच्या कार्यालयात विचारलं की उत्तर ठरलेलं, 'प्रकरण प्रक्रियेत आहे'. कसली प्रक्रिया ते कोणी सांगेना. शेवटी मी महाभूलेखवरून आमच्या गटाचा सातबारा काढला. भोगवटादार म्हणून अजून त्याच शेतकऱ्याचं नाव, ज्याची जमीन संपादित करून ही घरं बांधली. पिकांच्या रकान्यात 'पड'. जिथे आमचं तुळशीवृंदावन आहे, शेजाऱ्यांचा निंब घराच्या वर गेलाय, ती जागा सरकारदप्तरी पडीक!

म्हणजे ज्यांनी घर विकलं त्यांच्याच नावावर जमीन चढलेली नाही. मग ते आम्हाला काय लिहून देणार? कार्यालय म्हणतं, सातबारा हे महसूलचं काम. तलाठी म्हणतात, भूमी अभिलेखकडून कागद आणा. भूमी अभिलेखवाले म्हणतात, ज्यांच्यासाठी संपादन झालं त्यांनी मागणी करावी, तुमच्या अर्जावर आम्ही काही करू शकत नाही.

वडील थकलेत, म्हणून जीव खालीवर होतो. शेजारचे काका वारले. त्यांची मुलं कोणी सुरतला, कोणी पुण्याला, बहीण सासरी. आता खरेदीखताच्या आधी वारसनोंद, आणि त्यासाठी सगळ्यांना एकत्र आणायचं. मागच्या ओळीतली काही घरं तर साठेखत आणि मुखत्यारपत्रावर विकली गेलीत. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय. त्या लोकांनी आयुष्यभराची पुंजी त्यात घातलीय. आमची माय रोज विचारते, "कागद हातमा उना का?"

जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू? आणि मुद्रांक शुल्क मूळ किमतीवर लागेल की आजच्या रेडी रेकनरवर? उशीर त्यांचा आणि भुर्दंड आमच्या वडिलांना, हे मला पटत नाही.

तापीकाठ:
भाऊ, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंय. आता तोंडी विचारणं बंद करा. माहिती अधिकारात नेमकी कागदपत्रं मागा: भूसंपादनाचा निवाडा, जमिनीची ताबा पावती, आणि कमी-जास्त पत्रक (संपादनामुळे गटाचं क्षेत्र कमी-जास्त झाल्याचा भूमी अभिलेखचा कागद) झालंय का, झालं असेल तर त्याची प्रत. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. बऱ्याच ठिकाणी कमी-जास्त पत्रकच झालेलं नसतं, म्हणून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, अडतो. निवाडा आणि ताबा पावती मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात अर्ज द्या, महिन्याचा पहिला सोमवार. तिथे महसूल आणि भूमी अभिलेख एकाच छताखाली असतात, एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड जातं.

शुल्काचं म्हणाल तर सर्वसाधारणपणे दस्तावर सही होते त्या दिवशीचं मूल्य धरतात. मात्र सरकारी यंत्रणेने आधीच ठरवून दिलेल्या किमतीला विकलेल्या मिळकतीसाठी मूल्यांकनाच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. वाद घालत बसण्यापेक्षा मुद्रांक कायद्याच्या कलम 31 खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे शुल्क किती ते त्यांच्याकडूनच अधिकृतपणे ठरवून घ्या. वाटपपत्र आणि किमतीचा आदेश सोबत जोडा.

वकीलीण_धुळे:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात एवढंच घालते की ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी यंत्रणेचं घरबांधणीचं काम 'सेवा' ठरवलं, आणि छळाची भरपाई दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाव्याची किंमत तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जुनी भाडेखरेदी 5 लाखांच्या आतच असणार, म्हणजे जिल्हा आयोगात फी शून्य. दोन वर्षांच्या मुदतीचा आक्षेप समोरून नक्की येईल. खरेदीखत होईपर्यंत तक्रारीचं कारण चालूच राहतं, ही भूमिका पहिल्या परिच्छेदातच लिहा. त्याआधी नोंदणीकृत डाकेने लेखी मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा.

आणि वडिलांचं इच्छापत्र आजच करून घ्या, खरेदीखताची वाट बघू नका. मुखत्यारपत्रावर घेतलेल्यांनी मूळ वाटपधारक हयात आहेत तोवर यंत्रणेकडे रीतसर हस्तांतरणाचा अर्ज टाकावा. मूळ माणूस गेला की मुखत्यारपत्रही बहुतेक वेळा तिथेच संपतं.

धागाकर्ता:
तापीकाठ, ताई, मनापासून आभार. कमी-जास्त पत्रक हा शब्द मला आजवर एकाही खिडकीवर कोणी सांगितला नव्हता. रविवारी कॉलनीतल्या सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलंय. अर्ज घराघराचे वेगळे, पण एकाच दिवशी टाकणार. धुळे, नंदुरबार, चोपडा, भुसावळकडे कोणाच्या कॉलनीचा असा फेरफार होऊन खरेदीखतं झाली असतील, तर त्यांनी अर्जाचा नमुना इथे डकवावा. नावं-पत्ते खोडून टाकले तरी चालेल, मजकूर हवाय.