मदत हवी आहे: १ ऑगस्टचा फळा

आमच्या शाळेत रोज दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. १ ऑगस्टला दरवर्षी गाडी अडते. १ ऑगस्ट १९२०, नुसती तारीखच नाही, सालही एकच! मध्यरात्रीनंतर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले आणि गांधीजींची असहकार चळवळही सुरू झाली. फळा तीन बाय चारचा, त्यात अर्धा सूचनांनी भरलेला. गेल्या वर्षी अण्णाभाऊ खाली कोपऱ्यात गेले, अक्षर बारीक झालं, एका पोरानं विचारलंच, "बाई, हे एवढंसं का?"

प्रीस्टलीचा ऑक्सिजनचा शोध (१७७४) आणि बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन (१९३६) यंदा सरळ गाळतेय. पण पुण्यतिथी आणि जयंती एकाच फळ्यावर तुम्ही कशी मांडता? शक्य असल्यास फोटो टाका.