मदत हवी आहे: चुकीच्या फोटोबद्दल प्रेस कौन्सिलकडे तक्रार कशी करायची?

तासगावकर_बेदाणा
एका दैनिकाच्या सांगली आवृत्तीत द्राक्ष बागायतदारांचे पैसे बुडवल्याची बातमी आली, तिच्यात फोटो आमच्या मामांचा. आरोप दुसऱ्याच व्यापाऱ्यावर आहे, आडनाव तेवढं एक. फोन केला की "बघतो" म्हणतात. पाच आठवडे झाले. कौन्सिलकडे जायचं तर कसं? भरपाई मिळेल का?

कृष्णाकाठ
फोनला अर्थ नाही. आधी संपादकांना लेखी पत्र हवं. त्याची प्रत आणि आलंच तर उत्तर तक्रारीला जोडावं लागतं. पत्र तालुका वार्ताहराच्या हातात देऊ नका. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं नि पत्ता असतो, तिथे स्पीड पोस्टने पाठवा. तारीख, आवृत्ती, पान, चूक काय, एवढंच लिहा. खुलाशाचा चार ओळींचा मसुदाही सोबत द्या. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

मुदत सांभाळा. दैनिक-साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून 2 महिने. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. संपादकांना आठवडाभर द्या, मग तक्रार थेट दिल्लीला.

कलम_चौदा
तक्रारीत कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर (मराठी मजकुराला हे लागतंच, लोक नेमकं तेच विसरतात), आक्षेप कशावर आणि का, आणि या विषयावर कोर्टात काही प्रलंबित नाही असं घोषणापत्र. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कात्रण अख्ख्या पानाचं ठेवा, आवृत्तीचं नाव दिसलं पाहिजे. कोल्हापूर आवृत्तीत तेच पान वेगळं असू शकतं.

भरपाई मात्र विसरा. 1978 च्या कायद्याचं कलम 14 कौन्सिलला ताकीद, कानउघाडणी, निषेध आणि निर्णय त्याच दैनिकात छापायला सांगणं, इतकंच देतं. दंड नाही. 28 सदस्यांपैकी 20 वृत्तपत्रसृष्टीतलेच, हे ध्यानात असू द्या.

तासगावकर_बेदाणा
मग अब्रुनुकसानीचा दावाही सोबत लावू का?

कलम_चौदा
सोबत नको. कोर्टात प्रलंबित विषयाची चौकशी कौन्सिल करत नाही. पण दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून 1 वर्ष, आणि कौन्सिलमध्ये तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. सहा-आठ महिन्यांत तिकडून काही हाललं नाही, तर दाव्याचं तेव्हाच ठरवा. दावा लावलात की कौन्सिलला लगेच कळवायचं. घोषणापत्रात तसं लिहून द्यावं लागतं.