मदत हवी आहे: अमेरिकेतल्या तुरुंगातून दावा लावायची फी, हप्ते नक्की कसे कापतात?

नमस्कार. विषय घरचा आणि नाजूक, म्हणून नाव-गाव देत नाही. माझा मावसभाऊ इथे अमेरिकेत एका स्टेट प्रिझनमध्ये शिक्षा भोगतोय. का, ते कृपया विचारू नका. त्याला डायबिटीस आहे, पायाची जखम तीन महिने चिघळतेय आणि ड्रेसिंगला आठ-आठ दिवस कोणी बोलावत नाही. वकील परवडत नाही, म्हणून फेडरल कोर्टासाठी सेक्शन १९८३ चा (सरकारी माणसांनी घटनेतले हक्क मोडल्याबद्दलचा) दावा स्वतःच हाताने लिहितोय.

अडलंय फीवर. एकूण ४०५ डॉलर: ३५० मूळ फी, ५५ प्रशासकीय. 'इन फॉर्मा पॉपरिस'चा, म्हणजे ऐपत नसल्याचा अर्ज मंजूर झाला की ५५ सुटतात. पण १९९६ च्या कायद्यामुळे कैद्याला ३५० हप्त्याने का होईना, भरावेच लागतात. (बाहेरच्या गरिबाला माफी मिळते, आतल्याला नाही. अजब आहे.) मी त्याला महिन्याला १०० डॉलर पाठवते. परवा फोनवर म्हणाला, "ताई, त्यातले किती उरतील ते विचारून ठेव, म्हणजे साबण घ्यायचा की स्टॅम्प ते ठरवतो."

दावा फेटाळला तर पैसे परत मिळतात का? जेवणाबद्दलही त्याला वेगळा दावा लावायचाय.

प्रतिसाद: जुना_कारकून

ताई, इथल्या लीगल एडच्या ऑफिसात काही वर्षं काढलीत, म्हणून हिशेब सांगतो. अर्जाला तुरुंगातल्या खात्याचं मागच्या सहा महिन्यांचं सर्टिफाइड स्टेटमेंट जोडायचं. महिन्याची सरासरी जमा किंवा सरासरी शिल्लक, जे जास्त त्याचे २० टक्के पहिला हप्ता. तुमचे १०० नियमित जात असतील तर २० डॉलर. पुढे खात्यात १० डॉलरच्या वर असेल तेव्हा मागच्या महिन्याच्या जमेचे २० टक्के. उरलेले ३३० फिटायला सतरा महिने. घरून आलेले पैसेही जमेतच धरतात. खातं अगदीच रिकामं असेल तर तेवढ्यासाठी दावा अडवत नाहीत.

दुसरा दावा आत्ता नको. २०१६ च्या ब्रूस विरुद्ध सॅम्युअल्स निकालानुसार दर दाव्यासाठी जमेचे वेगळे २० टक्के एकाच वेळी कापतात, म्हणजे १०० मधले ४० गेले. फेटाळला तर फी परत नाही, वर 'स्ट्राइक', म्हणजे दावा निराधार ठरल्याचा शिक्का, बसू शकतो. असे तीन झाले की हप्त्यांची सोय बंद, गंभीर शारीरिक इजेचा धोका अगदी समोर असेल तरच अपवाद.

म्हणून मजकूर जपून लिहा. नुसता 'डॉक्टरचा हलगर्जीपणा' लिहिलात तर दावा टिकत नाही. त्रास माहीत असून जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, हे तारखांसकट दाखवावं लागतं. आणि आधी तुरुंगातली तक्रार, तिची अपिलं, सगळ्या पायऱ्या संपवल्यात ना? नसतील तर दावा तिथेच अडकेल.

प्रतिसाद: पुण्याचा_वकील

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये कोठडीतला माणूस मोफत मदतीला पात्र आहे, उत्पन्न न बघता. हे हप्ते वाचून थक्क झालो.

धागाकर्ती: जुना_कारकून, खूप आभार. तक्रार दिली होती, पण अपिलाचा फॉर्म अजून त्याच्याकडेच पडलाय म्हणे. रविवारी फोन येईल तेव्हा आधी तो भरायला सांगते. मुदत किती दिवसांची असते ते कुठे बघू?