भुसावळहून साक्री तालुक्यात चार धुऱ्यांची क्रेन न्यायची आहे : कोणत्या परवानग्या लागतील?

प्रश्न : क्रेन व्यावसायिक, धुळे

नमस्कार. धुळ्यात माझा क्रेन भाड्याने देण्याचा लहानसा व्यवसाय आहे. आजवर आमची कामे हायड्रावर (लहान, माल उचलून चालणाऱ्या क्रेनवर) आणि जवळपासच्या एमआयडीसीतच होत आली, त्यामुळे वाहतुकीच्या परवानग्यांचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. आता साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या परिसरातील एका उपकेंद्रात रोहित्र बदलण्याचे काम मिळत आहे. त्यासाठी भुसावळ येथे उभी असलेली 80 टन क्षमतेची, रबरी टायरांची, चार धुऱ्यांची टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या हाताची) क्रेन आम्ही घेणार आहोत. प्रवासाच्या स्थितीत तिची लांबी साधारण 13.5 मीटर, रुंदी 2.75 मीटर आणि उंची 3.85 मीटर आहे. काउंटरवेट (तोल सांभाळण्यासाठी मागे बसवायची सुटी वजने) न धरता तिचे वजन 46 टनांच्या आसपास भरते.

माझे एक स्नेही सांगतात की क्रेन सरळ लो-बेड (कमी उंचीच्या पाटाच्या) ट्रेलरवर चढवावी, म्हणजे टायरही वाचतात आणि कोणी अडवतही नाही. क्रेनच्या ऑपरेटरचे म्हणणे मात्र असे आहे की ती स्वतःच्या चाकांवरच न्यावी. कागदपत्रांच्या दृष्टीने यांपैकी कोणता मार्ग योग्य, परवानगी कोणाकडे मागायची आणि ई-वे बिल (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायचे ऑनलाइन बिल) लागते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : वाहतूक परवाना सल्लागार, जळगाव

आपल्या स्नेह्यांचा सल्ला सद्भावनेचा असला, तरी आपल्या क्रेनच्या बाबतीत तो उलटा पडण्याची शक्यता अधिक आहे. जी क्रेन स्वतःच्या चाकांवर नियमात बसते, तीच ट्रेलरवर चढवताच नियमाबाहेर जाते. म्हणून प्रथम हे ठरवावे लागते की या प्रवासात क्रेन हे वाहन आहे की माल आहे. पुढचे सगळे कागद त्यावर अवलंबून असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये मोबाइल क्रेनचा समावेश ‘बांधकाम उपकरण वाहन’ या वर्गात केलेला आहे. हे बिगर-परिवहन वाहन मानले जाते, आणि त्याचे रस्त्यावरून चालणे हे मुख्य कामाच्या अनुषंगाने, थोड्या काळापुरते व ताशी 50 किलोमीटरपेक्षा जास्त नसलेल्या वेगाने असावे, असे तेथेच स्पष्ट केले आहे. नियम 93 मध्ये या वर्गासाठी वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत : प्रवासाच्या स्थितीत रुंदी 3 मीटरपर्यंत, उंची 4.75 मीटरपर्यंत, आणि दोनपेक्षा अधिक धुरे असल्यास लांबी 18 मीटरपर्यंत. आपली तिन्ही मापे या मर्यादांच्या आत आहेत. मात्र रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त असल्यामुळे, तो जादा भाग पुढून व मागून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेला असला पाहिजे आणि रात्रीसाठी पुढे-मागे लाल दिवे लावलेले असले पाहिजेत. भाड्याने येणाऱ्या क्रेनवर हे पट्टे बहुधा धुळीखाली गेलेले किंवा पार उडालेले असतात. तपासणीत पहिला आक्षेप तेथेच निघतो, म्हणून क्रेन ताब्यात घेतानाच रंगाचा डबा सोबत ठेवावा.

आता हीच क्रेन लो-बेडवर ठेवून पाहा. ट्रेलरचा पाट जमिनीपासून 95 सेंटिमीटर उंच धरला, तर एकूण उंची 4.80 मीटर होते. मालवाहू वाहनासाठी सर्वसाधारण मर्यादा 4 मीटर उंचीची आणि 2.6 मीटर रुंदीची आहे, म्हणजे दोन्ही मापे ओलांडली गेली. वजनाचेही तसेच आहे. 46 टनांची क्रेन, ट्रेलर आणि पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) यांची बेरीज सत्तर टनांच्या पुढे जाईल, तर नेहमीच्या ट्रॅक्टर-ट्रेलरला 2018 च्या सुधारित अधिसूचनेनुसारही 55 टनांपलीकडे जाता येत नाही. त्यामुळे हायड्रॉलिक ॲक्सलचा (अनेक धुऱ्यांवर भार सारखा वाटणारा) ट्रेलर घ्यावा लागेल आणि जादा आकारमान व जादा वजन अशा दोन्ही कारणांसाठी आधी परवानगी काढावी लागेल. परवानगीशिवाय निघाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली माल बाहेर आल्याबद्दल 20,000 रुपये, आणि जादा वजनाबद्दल 20,000 रुपये अधिक प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. शिवाय गाडी जागेवर उभी राहते ते वेगळेच.

तरीही ‘स्वतःच्या चाकांवर’ म्हणजे सर्व काही मोकळे, असा अर्थ कृपया काढू नये. आरसी बुकात वाहनाचा वर्ग आणि एकूण वजन काय लिहिले आहे, ते स्वतः वाचावे. कलम 113 नुसार आरसीतील वजनापेक्षा अधिक वजनाने गाडी चालवता येत नाही. पुष्कळ क्रेनची नोंदणी काउंटरवेटशिवाय झालेली असते आणि ऑपरेटर मात्र वजनं मागे लटकवूनच निघतात, कारण ती उतरवणे आणि पुन्हा चढवणे यात अर्धा दिवस जातो. अशी सहा टनांची काउंटरवेट जास्त निघाली, तर दंडाचा हिशेब 32,000 रुपयांवर जातो. त्याच कलमानुसार, चालक मालक नसला तरी हे मालकाच्या माहितीने झाले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणून काउंटरवेट, जादा जिब (हाताला जोडायचा वाढीव तुकडा), आउटरिगरखालच्या (क्रेनच्या टेकणाच्या पायांखालच्या) प्लेटा आणि स्लिंग (माल बांधायचे दोर) यांसाठी वेगळा ट्रक करावा. सुटे करता येण्यासारखे सामान अंगावर ठेवून जादा वजनाची सवलत मागणे कोणत्याही कार्यालयात टिकत नाही.

निघण्यापूर्वी भुसावळमध्येच वजनकाट्यावर क्रेनचे एकूण वजन करावे आणि नंतर पुढचे दोन व मागचे दोन धुरे वेगवेगळे काट्यावर घेऊन त्याच्याही पावत्या घ्याव्यात. कलम 114 खाली अधिकाऱ्याला पुढील मार्गापासून 10 किलोमीटरच्या आतील काट्यावर गाडी नेण्यास सांगता येते. तेथे वाद घालण्यापेक्षा आपली पावती हाताशी असलेली बरी. वजन करून देण्यास नकार दिला, तर 40,000 रुपयांचा दंड वेगळा आहे.

उत्तर : निवृत्त अभियंता, सार्वजनिक बांधकाम, नंदुरबार

वरील उत्तर योग्य आहे, पण त्यात रस्त्याचा विचार आलेला नाही. मार्ग भुसावळ, जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, कुसुंबा, साक्री असा असेल, तर तो सर्व राष्ट्रीय महामार्ग 53 आहे. ट्रेलरने जायचे ठरल्यास त्याच्या परवानगीचा अर्ज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. अर्जात ट्रेलरच्या धुऱ्यांची मांडणी, दोन धुऱ्यांमधील अंतर आणि धुऱ्यांच्या प्रत्येक ओळीवरचा भार द्यावा लागतो. केवळ ‘80 टनी क्रेन’ असे लिहून पाठवलेला अर्ज परत येतो, कारण 80 टन ही उचलण्याची क्षमता आहे आणि पुलाला तिच्याशी काही देणे-घेणे नाही.

साक्रीच्या पुढे महामार्ग सोडल्यावर ही परवानगी संपते. पठारावर चढणारा रस्ता राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे वेगळे पत्र हवे. माझ्या अनुभवात गाड्या अडकतात त्या महामार्गावर नव्हे, तर या शेवटच्या टप्प्यात.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत पुलाच्या आराखड्यासाठी, 70आर या भार-वर्गातील चाकांच्या गाडीचा भार 100 टन धरलेला असतो. अलीकडच्या मानकांत विशेष वाहनासाठी 385 टनांची तरतूद असून त्यात वीस धुऱ्यांचा हायड्रॉलिक ट्रेलर कल्पिलेला आहे. लांब गाळ्याच्या पुलावर संपूर्ण गाडी एकाच वेळी उभी राहते, त्यामुळे तेथे एकूण वजन महत्त्वाचे ठरते. ओढ्यावरच्या लहान मोरीवर मात्र एका वेळी एक किंवा दोनच धुरे असतात, त्यामुळे तेथे प्रश्न धुऱ्यावरच्या भाराचा होतो. नेहमीच्या मालवाहू गाडीच्या चार टायरांच्या एका धुऱ्याला 11.5 टन आणि दोन टायरांच्या धुऱ्याला 7.5 टन मान्य आहेत. आपल्या क्रेनचे 46 टन चार धुऱ्यांवर विभागले, तरी सरासरी 11.5 टन येतात, आणि बूम (क्रेनचा लांब हात) ज्या बाजूला विसावलेला असतो तिकडे त्याहून जास्त. याउलट हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका ओळीला 18 टन मान्य असले, तरी ते आठ टायरांवर पसरतात. म्हणजे आकारमानाच्या नियमात क्रेन स्वतःच्या चाकांवर सोयीची आणि मोरीच्या दृष्टीने ट्रेलर सोयीचा, अशी ही ओढाताण आहे. महामार्गावर क्रेन चालवत न्यावी, हे मला मान्य आहे. परंतु पठाराच्या रस्त्यावरील प्रत्येक मोरी शाखा अभियंत्यासोबत आधी पाहून घ्यावी. सिमेंट पाइपांवर जेमतेम फूटभर मुरूम असलेली मोरी दिसली, तर तेथे लोखंडी प्लेटा टाकण्याची लेखी संमती घ्यावी.

पुलावरून जड ट्रेलर नेताना पुलाच्या मध्यातून, ताशी 5 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, ब्रेक न लावता आणि त्या वेळी दुसरे वाहन पुलावर न घेता जावे, असे मानकच सांगते. बांभोरीजवळच्या गिरणेच्या पुलावर दिवसाची वर्दळ पाहता, वाहतूक पोलिसांना आधी कळवल्याशिवाय हे शक्य होणार नाही.

उत्तर : विंड प्रकल्पावरील साइट पर्यवेक्षक, साक्री

अभियंता साहेबांनी मोऱ्यांचे सांगितले, मी तारांचे सांगतो. रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारांची किमान उंची उच्च दाबाला 6.1 मीटर आणि लघुदाबाला 5.8 मीटर ठरलेली आहे. तथापि उन्हाळ्यात तारा झोळतात आणि शेतातल्या पंपाच्या जोडण्या तर कोणाच्या तरी सोयीने ओढलेल्या असतात. आम्ही क्रेन येण्याच्या आदल्या दिवशी मोटारसायकलवर एक माणूस पाच मीटरचा सुका बांबू घेऊन पूर्ण रस्ता फिरवतो. बांबू तारेला लावायचा नसतो, खाली उभा करून लांबून नजरेने अंतर पाहायचे असते. शंका आली तेथे महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज करून पुरवठा बंद करून घेतो.

क्रेनची उंची मोजताना टायरमध्ये पूर्ण हवा असावी आणि हूक ब्लॉक पुढे घट्ट बांधलेला असावा. सर्वांत उंच बिंदू अनेकदा बूम नसून केबिनवरचा पिवळा फिरता दिवा किंवा विंचच्या मागची जाळी असते. मालकाने दिलेल्या पत्रकात हे धरलेले नसते.

दोंडाईचा किंवा नंदुरबारकडून वर येण्याचा विचार असेल, तर उधना–जळगाव रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील फाटकाजवळ 4.67 मीटरवर उंचीचा अडसर असतो. चाकांवरची आपली क्रेन त्याखालून जाईल, ट्रेलरवरची 4.80 मीटरची जाणार नाही, आणि मग रेल्वेची स्वतंत्र परवानगी लागेल. त्यापेक्षा धुळ्यावरून यावे.

प्रश्नकर्ता, धुळे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरसी पाहिली. वर्ग बांधकाम उपकरण वाहन असाच आहे आणि वजन काउंटरवेटशिवायचे आहे, त्यामुळे क्रेन चालवत व काउंटरवेट वेगळ्या ट्रकने नेण्याचे ठरवत आहे. ई-वे बिलाचा मुद्दा राहिला आहे. तसेच याच क्रेनला पुढे गुजरातमध्ये सोनगडकडे काम मिळण्याची शक्यता आहे. तेथे कर भरावा लागेल का?

उत्तर : कर सल्लागार, भुसावळ

नानासाहेब, काउंटरवेटचा ट्रक हा साधा माल आहे. विक्री नसल्यामुळे डिलिव्हरी चलन करावे आणि मालाची किंमत राज्यांतर्गत 1 लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास ई-वे बिल काढावे. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, त्यामुळे भुसावळ ते साक्री एका दिवसाच्या मुदतीत बसते. क्रेन पुढेमागे ट्रेलरवर न्यावी लागली, तर मात्र वाहनाच्या प्रकारात ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’ हाच पर्याय निवडावा, म्हणजे दर 20 किलोमीटरला एक दिवस मिळतो. पावणेदोनशे किलोमीटरसाठी नऊ दिवस होतात. साधा पर्याय निवडलेला ट्रेलर पारोळ्याजवळ अडकून पडला, तर बिलाची मुदत संपू शकते. मुदत वाढवायची असल्यास ती संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच वाढवता येते, हे पायलट गाडीतील (ट्रेलरच्या पुढे चालणाऱ्या गाडीतील) माणसालाही माहीत असू द्यावे.

गुजरातबाबत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे 22 नोव्हेंबर 2017 चे परिपत्रक क्रमांक 21/21/2017 सोबत ठेवावे. रिग, अवजारे आणि क्रेनसारखी चाकांवरची यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केवळ नेली, ती पुढे विकण्यासाठी नसली, तर त्या नेण्यावर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. भाड्याच्या रकमेवरचा जीएसटी मात्र नेहमीप्रमाणे भरावाच लागतो. परिपत्रकाची प्रत, कामाचे आदेशपत्र आणि परत येण्याचा उल्लेख असलेले चलन अशी तीन कागदपत्रे केबिनमध्ये असू द्यावीत.

उत्तर : वाहतूक परवाना सल्लागार, जळगाव

एक पुरवणी. सोनगडला जाताना दहिवेल आणि विसरवाडी यांच्यामध्ये कोंडाईबारी घाट आहे. क्रेन उतरणीवर गिअरमध्येच ठेवावी आणि दुपारचे ऊन टाळावे. मे महिन्यात आपल्याकडचा डांबरी रस्ता इतका तापतो की जड क्रेनचे टायर सपाटीवरही वारंवार थांबून थंड करावे लागतात. तसेच आपली दुसरी क्रेन कधी छत्रपती संभाजीनगरकडून आणायची झाली, तर कन्नड घाटातून जड वाहनांना 2023 पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने बंदी घालण्यात आली, हे लक्षात ठेवून मार्ग आखावा आणि भाड्याचा दर त्या वळशाच्या अंतरावर ठरवावा.