ईजबेल दमली नव्हती! जुन्या बायबलमधला 'टायर' ठेवायचा की काढायचा?

रविवारवाचक: १६११ चं किंग जेम्स बायबल, म्हणजे ते जुनं इंग्रजी भाषांतर, अजून बऱ्याच इंग्लिश चर्चमध्ये जसंच्या तसं वाचतात, माझं म्हणणं त्यातले मेलेले शब्द आता बदलाच. बायबलच्या '२ राजे' पुस्तकातलं ९:३० घ्या. आपल्या राजाला मारून आलेला सेनापती येहू इज्रेल गावात पोचलाय कळल्यावर इस्राएलची राणी ईजबेल चेहरा रंगवते, 'टायर्ड हर हेड' (tired her head) आणि खिडकीतून बघते. आजचं पोरगं काय समजणार, बाईचं डोकं दुखत होतं? हा टायर म्हणजे साज, 'अटायर'मधला अ गळून उरलेला. १९८२ च्या न्यू किंग जेम्समध्ये सरळ 'अडॉर्न्ड' केलं, कुणाचं काय बिघडलं?

जुनंतेसोनं: बिघडलं ना. ईजबेलचं नाव घेऊन लिपस्टिकवर प्रवचन झोडणाऱ्यांना विचारा, अपोक्रिफातली (बायबलच्या जोडीच्या पुस्तकांतली) यहूदीथ काय करते? वैधव्याचे कपडे उतरवते, अंगाला सुगंधी तेल लावते, वेणी घालून वर टायरच चढवते आणि जाऊन शत्रूचा सेनापती होलोफर्निसचं मुंडकं उडवते. एक खलनायिका, एक नायिका, शब्द तोच. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय २४ मध्ये तर तुझी बायको मरणार आहे, रडू नकोस, डोक्याला टायर बांध, असं देव त्याला म्हणजे पुरुषाला सांगतो. शब्द काढलात की हे सगळं दिसायचं बंद.

रविवारवाचक: अहो पण मुळात हे एक नाहीच! मूळ हिब्रूत यहेज्केलचा 'पएर' म्हणजे पागोटं. यशया ३:१८ मधले 'चंद्रासारखे गोल टायर' म्हणजे 'सहरोनीम', चंद्रकोरी, शास्ते ८:२१ त गिदोन मिद्यानी राजांच्या उंटांच्या गळ्यातून काढून घेतो त्याच, आणि तिथे किंग जेम्सच्या ह्याच भाषांतरकारांनी नुसतं 'ऑर्नामेंट्स' लिहिलंय. यहूदीथ ग्रीकमधली, तिथे 'मित्रा' म्हणजे डोक्याची पट्टी आहे. ईजबेलकडे तर दागिनाच नाही, डोकं नीटनेटकं केलं एवढंच.

काजळरेघ: 'चेहरा' पण गंडलेलाच, हिब्रूत डोळे आहेत. 'पूख' लावते ती, अँटिमनीची पूड, काजळच म्हणा. आणि येहूला भुलवायला नटली हे लोकांनी कुठून काढलं? ती वरून त्याला जिम्री म्हणून टोमणा मारते, म्हणजे धन्याला मारून गादीवर बसलेला आणि सात दिवसांत संपलेला. मग खोजे तिला खिडकीतून खाली टाकतात. राणीसारखी मेली बाई.

जुनंतेसोनं: राणी ठीक, पण द्राक्षमळ्यासाठी खोटे साक्षीदार उभे करून मळ्याच्या मालकाला, नाबोथला दगडांनी मारवलं तेही हिनेच.

टपरीबहाद्दर: गाडीचा टायर पण हाच का 😄

काजळरेघ: तसं मानतात, चाकाला चढवलेला साज. शेक्सपियरच्या काळात नट कपडे करायचे ती जागा 'टायरिंग हाऊस'. दमण्याचा टायर मात्र वेगळा.

जुनंतेसोनं: मग समासात टीप द्या आणि शब्द राहू द्या.

रविवारवाचक: चर्चमध्ये मोठ्याने वाचताना टीप ऐकू येते का?