रेशनच्या तांदळातले 'प्लास्टिकचे दाणे' फेकू नका

लोंबी: परवा मावशीने रेशनचा तांदूळ सुपात घेतला आणि अर्धा तास बसून वेगळे दिसणारे, पिवळसर दाणे वेचून उकिरड्यावर टाकले. "प्लास्टिक आहे गं ते!" जीव तुटला माझा. प्लास्टिक कसलं! तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ जीवनसत्त्व कालवून यंत्रातून दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो मिसळतात. जे अंगी लागायचं, नेमकं तेच मावशीने फेकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या फळीवर पडून राहतात, भात मात्र रोज शिजतो. हा तांदूळ हवाच.

रानवाट: कुणाला हवा? मी गडचिरोलीचा. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यांनी लोह घातलेलं अन्न खाऊ नये, असा इशारा पिशवीवर छापायचा नियम होता. पुढे सरकारी समितीने धोका नाही म्हटलं. पण इशारा होता तेव्हाही दुकानदार गोणीतून मापून झोळीत ओतायचा, वाचणार कोण? आणि ज्याला हा तांदूळ नको होता, त्याला रेशनवर दुसरा मिळाला का? गरिबाला विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

लोंबी: विचारायला हवं, मान्य. पण मिठात आयोडिन घालतानाही घरोघर विचारलं नव्हतं. २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडिनचं मीठ विकायला बंदी आहे.

हिरवी चिंच: मिठाशी तुलना नको. आयोडिन कितीतरी भागांत मातीतच कमी असतं, तिथे पिकलेल्या भाजीत ते येणार कुठून? रक्ताचं तसं नाही. डाळ, पालेभाजी, अंडं, मासळी ताटात आली तर रक्त वाढतं. आधी तांदूळ पांढराशुभ्र पॉलिश करायचा, कोंड्याबरोबर जीवनसत्त्वं घालवायची, मग कारखान्यातला दाणा मिसळायचा! तो पैसा अंगणवाडीतल्या अंड्यावर खर्च करा. गरिबाचं ताट भातानेच भरलेलं राहणार, असं धरूनच ही योजना आखलीय, याचा मला संताप येतो.

लोंबी: संताप रास्त आहे. अंडं द्याच, मीही त्यासाठी भांडेन. पण ते ताटात येईपर्यंत पोटुशी बाई थांबणार का? किलोमागे किमान २८ मिलिग्रॅम लोह, तेही रोजच्या भातातून, मला सोडवत नाही. @रानवाट, तुमचं वाचून मावशीला सिकलसेलची तपासणी करून घे म्हटलंय. तोवर ती दाणे वेचून डब्यात ठेवतेय, फेकत नाही.