जुन्या वाल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर नवा बसवावा की तोच रिवाइंड करावा?

प्लेटव्होल्ट:
ट्रान्सफॉर्मर गेला म्हटलं की सल्ला ठरलेला: तेवढ्याच वॅटचा, तेवढ्याच ओहमचा नवा आणा नि लावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरपुरतं, म्हणजे घरच्या विजेवरून अँपला वीज पुरवणाऱ्यापुरतं, मला ते पटतं. 220 व्होल्टच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला 240 मिळाले की वाल्व्ह तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर 6.9 च्या आसपास जातो, प्लेटचा (वाल्व्हच्या मुख्य इलेक्ट्रोडचा) व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो. तिथे 240 चा नवाच हवा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे वाल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्याला, मात्र हा न्याय लावू नका. अँपचा आवाज घडतो तो तिथे. कोअर मूळचाच ठेवा, वेढे मोजा, थर टिपून घ्या आणि तसंच पुन्हा गुंडाळून घ्या.

सोल्डरगन:
साफ अमान्य. जळक्या गुंडाळीची तार उलगडताना जागोजागी तुटते, थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यातून वेढे मोजणार कसे? शिवाय प्रायमरीवर (वाल्व्हकडच्या गुंडाळीवर) तीनशे-चारशे व्होल्ट असतात, हाताने घातलेल्या कागदाच्या भरवशावर मी ते सोडणार नाही.

आणि गणित सरळ आहे. ईएल84 या आउटपुट वाल्व्हच्या जोडीला 8000 ओहम हवेत, स्पीकर 8 ओहमचा. इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) 1000 पट, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, 31.6. हॅमंडसारखे कारखाने हे वर्षानुवर्षं बनवताहेत.

प्लेटव्होल्ट:
वेढ्यांचं प्रमाण जुळलं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जुळला असं नाही! फीडबॅक (आउटपुटचा परत इनपुटकडे नेलेला अंश) स्पीकरच्या बाजूने घेतलेला असतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर त्या फेऱ्यातच आला. प्रायमरी-सेकंडरीचे थर एकमेकांत कसे घातलेत यावर लीकेज इंडक्टन्स (दोन गुंडाळ्यांमधली चुंबकीय गळती) ठरतो, त्यावर वरच्या फ्रीक्वेन्सीचा फेज, म्हणजे सिग्नल किती मागे पडतो ते. मूळ सर्किटमधला छोटा कपॅसिटर त्याच ट्रान्सफॉर्मरला धरून निवडलेला असतो. दुसरा बसवला की अँप कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ शकतो. गाणं ठीक वाजतंय असं वाटतं आणि इकडे ट्वीटर जळतो.

मंद्रसप्तक:
अँप कोणता ते तर सांगा! क्वाड टू या अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरची एक गुंडाळी कॅथोडमध्ये (वाल्व्हच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या इलेक्ट्रोडकडे) असते. मॅकिंटॉश कंपनीच्या अँपमध्ये प्लेट आणि कॅथोडच्या तारा जोडीने गुंडाळलेल्या. तिथे साधा पुश-पुल (वाल्व्हच्या जोडीचा) ट्रान्सफॉर्मर चालणारच नाही, रिवाइंड किंवा हुबेहूब प्रत एवढेच मार्ग. उलट एकाच ईएल84 च्या रेडिओग्रामसाठी कशाला एवढा जीव काढायचा? नवा लावा. फक्त कोअरमध्ये एअर गॅप असलेला सिंगल-एंडेडचाच (एकाच वाल्व्हचा) घ्या. पुश-पुलचा लावलात तर डीसीने कोअर सॅच्युरेट होऊन खर्ज बसलाच म्हणून समजा.

सोल्डरगन:
क्वाडचं मान्य. बाकी फेजची भीती अवाजवी आहे. 10 किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह सोडा, कडेला लहरी दिसल्या तर तो कपॅसिटर बदलून बघा. चालू करताच अँप किंचाळला तर प्लेटच्या दोन तारांची अदलाबदल करा, फीडबॅक उलटा लागलेला असतो. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र फेकू नका, पुढच्या मालकाला तो रिवाइंड करावासा वाटेल.

प्लेटव्होल्ट:
हे सगळं स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) असलेल्याने करायचं. सल्ला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे मल्टिमीटरच असतो, म्हणून मी एवढा हट्ट धरतो. त्यांना आणखी एक सांगा: प्रायमरीच्या दोन अर्ध्या भागांचा रेझिस्टन्स थोडा वेगळा आला म्हणून ट्रान्सफॉर्मर मेला असं धरू नका. बाहेरच्या थरांचा वेढा मोठा, तिथे तार जास्त लागते. तेवढ्यावरून चांगले ट्रान्सफॉर्मर काढून टाकले जातात.